चौकाचा आकडा आणि तुमचा दावा

"त्या वळणावर महिन्याला एक तरी पडतोच." अपघातानंतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात जमलेल्या नातेवाइकांपैकी कोणीतरी हे म्हणतोच, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला, टपरीवाल्याला, ठाण्यातल्या हवालदाराला ते ठाऊक असते. पुढे भरपाईचा विषय निघाला की हेच वाक्य वकिलाच्या टेबलावर येते : "साहेब, तिथे एवढे अपघात झालेत. मग आपली केस पक्कीच ना?"

पक्की नाही. अपघातांच्या स्थानिक आकडेवारीचा दाव्यात उपयोग होतो, पण कोणाविरुद्ध दावा आहे त्यावर तो अवलंबून असतो. ज्या गाडीने ठोकरले तिचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध दावा असेल तर त्या जागेचा इतिहास दुय्यम ठरतो. रस्ता बांधणाऱ्या किंवा राखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध असेल तर मात्र तोच इतिहास दाव्याचा कणा असतो. लोक नेमके उलटे करतात. ट्रकवाल्याविरुद्धच्या अर्जाला वर्तमानपत्रांची कात्रणे जोडतात आणि खड्ड्यात पडून पाय मोडला तर 'आपलेच नशीब' म्हणून गप्प बसतात.

कोर्ट काय विचारते

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज होतो. तिथे तीन प्रश्नांची उत्तरे लागतात : हयगय कोणाची, नुकसान किती आणि पैसे कोण देणार. पहिला प्रश्न 'या' अपघाताचा असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू झाले. वाचून अंगावर काटा येतो, पण एखाद्या मंगळवारी सायंकाळी अमुक टेम्पो चुकीच्या बाजूने आला होता की नाही, याबद्दल या आकड्यांतून काहीही कळत नाही.

इथे काहीजण म्हणतात, या न्यायाधिकरणात पुरावा सैल चालतो ना? चालतो, पण वेगळ्या अर्थाने. फौजदारी खटल्यासारखे सर्व संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही. शक्यतांचे पारडे कुणीकडे झुकते तेवढे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने बिमला देवी (२००९) आणि मंगला राम (२०१८) या प्रकरणांत हे स्पष्ट केले आहे. तरी पारड्यात घालायची वजने त्याच घटनेची लागतात : साक्षीदार, पंचनामा, नकाशा, गाडीवरच्या खुणा, दोषारोपपत्र.

मग जागेचा इतिहास कुठे बसतो? चालकाला ती जागा धोक्याची आहे हे माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, हे दाखवायला. पुण्याच्या कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गावरचा नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार घ्या. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने इथे एकामागून एक गाड्यांना धडका दिल्या. ४८ वाहनांचे नुकसान झाले. आधी चर्चा 'ब्रेक फेल'ची होती. नंतर उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडल्याची बाब तपासात पुढे आल्याच्या बातम्या आल्या. अशा जागी मालकाचा वकील म्हणणार, "रस्ताच असा आहे, तिथे रोज होतात, आमचा चालक काय करणार?" त्याच आकड्यांवरून अर्जदाराने म्हणायचे, "रोज होतात म्हणूनच तर खालच्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून, कमी वेगाने उतरायला हवे होते. तिथे तसे फलकही आहेत." यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्यानेच गाडीची देखभाल नीट ठेवली होती हे सिद्ध करायचे असते. म्हणून त्या जागेची यादी जोडताना चेतावणी फलकांचे फोटोही जोडा. नुसती यादी जोडली तर ती समोरच्याच्याच कामी येईल.

रस्ताही वाईट होता आणि चालकही बेफाम होता, असे दोन्ही असू शकते. जखमीची स्वतःची चूक नसेल आणि दोघांच्या हयगयीने अपघात झाला असेल, तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. आपसातली वाटणी त्यांनी नंतर पाहावी. खेनयेई विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स (२०१५) या निकालातून हे मिळते. विमा कंपनी रस्त्याकडे बोट दाखवू लागली की हा निकाल हाताशी असू द्यावा.

आकडा जन्मतो कसा

कोणताही आकडा वापरण्याआधी तो कुठून येतो ते पाहावे. अपघातस्थळी गेलेला पोलीस कर्मचारी मोबाइलवरच्या अॅपमध्ये नोंद करतो. आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी उभारलेल्या एकात्मिक रस्ते अपघात माहितीसंचाचे, म्हणजे 'आयरॅड'चे हे अॅप. महाराष्ट्र त्यात पहिल्या सहा राज्यांपैकी आहे. जागा जीपीएसने नोंदते, फोटो चढतात, रस्त्याचा प्रकार, हवामान, धडकेची पद्धत, कारण असे रकाने भरले जातात. कल्पना उत्तम आहे. पण रकाना भरणारा माणूस रात्री दोन वाजता, गर्दी आवरत आणि जखमींना रुग्णवाहिकेत चढवत तो भरतो.

'कारण' या रकान्यात सगळ्यात सोपे उत्तर असते अतिवेग. देशाच्या २०२२ च्या आकडेवारीत ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. खड्ड्यांच्या खात्यावर १,८५६, म्हणजे शंभरात जेमतेम एक. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात दुचाकी चालवलेल्या माणसाला हे प्रमाण पटणे कठीण आहे. खड्डा चुकवताना तोल जाऊन मागच्या बसखाली आलेला दुचाकीस्वार कोणत्या खात्यात गेला, हे वार्षिक अहवालात दिसत नाही. त्यासाठी मूळ पंचनामाच उघडावा लागतो.

एकूण बेरजांवर भिस्त ठेवू नये याला आणखी कारणे आहेत. २०२२ साठीच रस्ते मंत्रालयाचा मृत्यूंचा आकडा वर दिला तो आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा १,७१,१०० असा आहे. 'पुणे जिल्हा' म्हणावे तर पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशा तीन पोलीस यंत्रणा आहेत. कोणत्या तक्त्यात कोणाची बेरीज आहे हे तपासल्याशिवाय तुलना करू नये. उलटतपासणीत एक आकडा चुकीचा निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही शंका येते.

सगळ्यात जास्त गोंधळ जागेच्या नावात होतो. तोच दीडेक किलोमीटरचा टप्पा एका नोंदीत 'नवले पुलाजवळ', दुसरीत 'स्वामीनारायण मंदिरासमोर', तिसरीत 'भूमकर चौकाच्या अलीकडे', चौथीत नुसता 'नऱ्हे गावाच्या हद्दीत' असा असू शकतो. शिवाय हद्दी बदलतात, ठाणी नवी होतात. तुम्ही 'नवले पूल' म्हणून माहिती मागितली तर निम्म्या नोंदी बाहेरच राहतील. म्हणून किलोमीटर दगडाने बोलायचे. महामार्गावर '८४१/२००' अशा खुणा असतात, द्रुतगती मार्गावर ठरावीक अंतरावर फलक असतात. शहरात असाल तर विजेच्या खांबाचा क्रमांक, दुकानाचा गाळा, चौकापासूनचे अंतर आणि मोबाइलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. जखमी माणसाला हे जमणार नाही. जो भाऊ किंवा शेजारी दुसऱ्या दिवशी गाडी आणायला जातो, त्याला हे काम सांगा.

काळा ठिपका आणि माहितीचा अर्ज

ब्लॅक स्पॉट हा शब्द आपण सैलपणे वापरतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाची त्याची व्याख्या मोजूनमापून आहे : राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा टप्पा, जिथे मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत मिळून दहा मृत्यू झाले. तुमची जागा या यादीत असेल तर यंत्रणेला धोका माहीत होता, हे तिच्याच कागदाने सिद्ध होते. यादीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. पाच मीटरने किंवा एका अपघाताने सुटलेल्या जागाही असतात. त्यातच पोलिसांनी रस्त्याच्या यंत्रणेला आधी पाठवलेली पत्रे सापडली तर ती यादीपेक्षाही मोलाची.

ही माहिती दोन ठिकाणांहून मागवावी. अपघातांच्या नोंदी पोलिसांकडून, आणि त्या नोंदींवर काय केले त्याची उत्तरे रस्त्याच्या मालकाकडून. मालक कोण ते आधी ठरवा : महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, एमएसआरडीसी की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. शहरातून जाणाऱ्या महामार्गाच्या सेवा रस्त्यावर हे कोडे हमखास पडते. दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवतात. अशा वेळी दोघांकडेही अर्ज करा.

हे अर्ज माहिती अधिकाराखाली करायचे. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द हे बंधन आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. पोलिसांकडच्या अर्जाचा मजकूर असा काहीसा ठेवता येईल :

'… रस्त्यावरील किमी … ते किमी … या टप्प्यात दि. १ जानेवारी … ते ३१ डिसेंबर … या कालावधीत आपल्या ठाण्यात नोंदलेल्या सर्व अपघातांची यादी, पुढील रकान्यांसह : गुन्हा किंवा नोंद क्रमांक, तारीख व वेळ, नेमके ठिकाण, वाहनांचे प्रकार, मृत व जखमींची संख्या, नोंदवलेले कारण. व्यक्तींची नावे व पत्ते वगळून माहिती द्यावी. प्रमाणित प्रती मिळाव्यात.'

नावे वगळण्याचे वाक्य मुद्दाम आहे. नाहीतर खासगी माहितीच्या सबबीवर अख्खा अर्ज परत येतो. 'प्रमाणित प्रती' हे शब्दही विसरू नयेत. साधी छायाप्रत कोर्टात दाखल करताना हरकत येऊ शकते.

रस्त्याच्या यंत्रणेला विचारायचे प्रश्न वेगळे : हा टप्पा ब्लॅक स्पॉट म्हणून कधी जाहीर झाला, तात्पुरत्या आणि कायमस्वरूपी उपाययोजना कोणत्या ठरल्या, त्यातल्या कोणत्या कोणत्या तारखेला पूर्ण झाल्या, या जागेबद्दल पोलिसांकडून आलेली पत्रे, आणि खड्डे बुजवण्याच्या कामाची ठेकेदाराची मुदत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या बैठकांची इतिवृत्ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मागवा. 'सदर वळणावर रम्बलर बसवण्याबाबत बांधकाम विभागाला सूचना देण्यात आली' अशी एक ओळ आणि तिच्यापुढे दोन वर्षे काहीच नाही, हे सापडले तर तुमच्या वकिलाचे अर्धे काम झाले. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील करायचे. लोक इथेच कंटाळतात, आणि यंत्रणेला ते माहीत असते.

खड्ड्याचा दावा

आता यंत्रणेविरुद्धच्या बाजूकडे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दंडाचा पैसा सरकारी अपघात निधीत जातो, जखमीच्या खात्यात येत नाही. तक्रारीसाठी हे कलम बरे, उपचाराच्या खर्चासाठी निरुपयोगी.

जखमीच्या हाती पैसा पडेल अशी वाट मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने उघडली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने राज्यातल्या खड्ड्यांबद्दलच्या प्रकरणात सांगितले की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत. त्यासाठी समित्या नेमायच्या आहेत. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव त्यात असतात. अर्जानंतर सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे. इतर कायदेशीर मार्ग याने बंद होत नाहीत.

अशा अर्जात आकडे मुख्य पुरावा होतात, कारण मुद्दा चालकाचा नसून यंत्रणेच्या दुर्लक्षाचा असतो. पण इथेही आधी तुमचा खड्डा दाखवा, मग इतरांचे. फोटो काढताना खड्ड्यात चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे खोली कळेल. एक फोटो लांबून, मागे ओळखू येईल असे दुकान किंवा फलक येईल असा. हे चोवीस तासांत करा. अपघाताची बातमी आली की दुसऱ्या दिवशी तो खड्डा खडी टाकून बुजवला जातो, इतर वेळी कधीही न दिसणाऱ्या तत्परतेने. महापालिकेच्या अॅपवर कोणी आधी तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक मिळवा. तक्रारीची तारीख अपघाताच्या आधीची असेल तर त्या एका पावतीचे वजन जिल्ह्याच्या वार्षिक अहवालापेक्षा जास्त आहे.

आणि एक कटू बाब. खड्ड्यात घसरून पडलेल्या, दुसरी गाडीच नसलेल्या अपघातात पोलीस पुष्कळदा दुचाकीस्वारावरच 'हयगयीने व अविचाराने' गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवतात. तो मेला असला तरी. एकदा असे झाले की आकडेवारीत तो 'चालकाची चूक' म्हणून शिरतो आणि न्यायाधिकरणात समोर कोणी उरतच नाही. म्हणून जबाब देताना खड्डा, त्याची जागा, त्या वेळचा उजेड, रस्त्यावरचे पाणी, फलक नसणे हे शब्द जबाबात आले पाहिजेत. लिहून घेतलेला जबाब सही करण्याआधी वाचून घ्या; मराठीतच असतो, संकोच कशाला? अशा वेळी विम्याच्या कागदांत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहे का तेही पाहा. तो १५ लाखांचा असतो आणि त्यासाठी चूक कोणाची हे पाहिले जात नाही. मृत्यूशिवाय ठरावीक कायम अपंगत्वालाही तो लागू होतो.

पैशाला चढणारा आकडा

जखमीच्या भरपाईची रक्कम अपघातांच्या आकडेवारीने एक रुपयाही वाढत नाही. ती वाढवणारे स्थानिक आकडे वेगळे आहेत, आणि त्यांच्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होते.

समजा, ३२ वर्षांचा प्लंबर आहे. महिन्याला १८ हजार कमावतो. पायाचे हाड मोडले, गुडघा पूर्ण वाकत नाही. सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात त्या पायाचे अपंगत्व ४० टक्के लिहिले आहे. वर्षाची कमाई २,१६,०००. स्वतंत्र व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) पुढच्या वाढीसाठी ४० टक्के जोडायचे : ३,०२,४००. सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे : ४८,३८,४००. आता याला टक्केवारी लावायची. कोणती? राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरांनी लिहिलेली टक्केवारी आणि कमाईची शक्ती किती घटली हे एक नव्हे. त्यातलेच उदाहरण बोलके आहे : डावा हात गेलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. आपल्या प्लंबरच्या बाबतीत कोर्टाने १५ टक्के धरले तर ७,२५,७६० येतात, २५ टक्के धरले तर १२,०९,६००. हा जवळजवळ पाच लाखांचा फरक उकिडवे बसून नळाखाली काम करता येते का, या एका प्रश्नाच्या उत्तरातून येतो. म्हणून डॉक्टरांच्या साक्षीत धंद्याचे काम कसे असते ते विचारले गेले पाहिजे. उपचाराचा खर्च, वेदना, आजारपणातली बुडालेली कमाई हे याशिवाय.

आणि १८ हजार कशावरून? पगारपत्रक नसलेल्यांचे इथेच नुकसान होते. यूपीआयचे व्यवहार, बँकेचे खातेउतारे, हार्डवेअरच्या दुकानातली उधारीची वही, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे शपथपत्र, जे असेल ते जोडा. काहीच नसेल तर राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचना कामी येतात. त्यात कामाचे कौशल्य आणि परिमंडळ यांनुसार दर वेगळे असतात, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. अपघात झाला त्या सहामाहीचा, त्या परिमंडळाचा दर काढा. 'मजूर' म्हणून धरणे आणि 'कुशल कामगार' म्हणून धरणे यातला फरक गुणकाने सोळापट होतो.

ठाण्यातले कागद

पंचनामा हा दाव्याचा पाया. घटनास्थळाच्या पंचनाम्यात साधारण असे असते : पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस अमुकचे शेत, दक्षिणेस नाला, रस्त्यावर काचांचा चुरा पडलेला, रक्ताचे डाग. शेताच्या मालकाचे नाव असते आणि रस्त्याची रुंदी नसते. काचांचा चुरा दुभाजकापासून किती फुटांवर होता, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत, कोणत्या बाजूला, यावर हयगय ठरते. शक्य असेल तर नातेवाइकाने पंचनाम्याच्या वेळी हजर राहून ही मापे लिहून घ्यायची विनंती करावी. नम्रपणे सांगितले तर बहुतेक अंमलदार लिहितात.

केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची प्राथमिक माहिती ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे द्यायचा असतो. त्यात जागेचा नकाशा आणि वाहनाच्या यांत्रिक तपासणीचा अहवालही येतो. गोहर मोहम्मद प्रकरणात (१५ डिसेंबर २०२२) सर्वोच्च न्यायालयाने याच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. तुमच्या ठाण्यात हे झाले की नाही ते विचारायला संकोचू नका. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून टोलनाका, पेट्रोलपंप, दुकान यांना जपून ठेवण्याचे लेखी पत्र पहिल्याच आठवड्यात द्यावे आणि पोचसही घ्यावी.

मुदतीबद्दल गाफील राहू नये. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. तरीही सहा महिन्यांचीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. अर्ज जिथे अपघात झाला तिथेच करावा लागतो असे नाही. तुम्ही राहता त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही चालतो. चिपळूणजवळ जखमी झालेल्या ठाणेकराला तारखांसाठी कोकणात खेपा घालायची गरज नाही.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार अशी सरकारी योजना आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. चूक कोणाची हे न पाहता कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात. पण विमा कंपनीने तडजोडीत दिलेली ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. प्लंबरचे गणित पुन्हा पाहा आणि मगच ठरवा.

लोकअदालतीच्या आधी विमा कंपनीचा फोन येतो. रक्कम बरी असेल तर तडजोड करण्यात कमीपणा नाही. वर्षानुवर्षे तारखा घालवण्यापेक्षा ते पुष्कळदा शहाणपणाचे असते. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. पायात अजून प्लेट असेल, ती काढायची शस्त्रक्रिया बाकी असेल, तर तिचा अंदाजे खर्च डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घेतल्याशिवाय आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते आहे की कायमचे ते पाहिल्याशिवाय सही करू नका.